०.१ टक्क्याचा माग

नेत्याच्या भाषणातला आकडा तपासायचा, तर पहिलं काम फार कंटाळवाणं असतं. तो नेमकं काय म्हणाला, ते शब्दशः उतरवून घ्यायचं. बातमीवर भागत नाही, कारण वार्ताहरानं वाक्य आटोपशीर केलेलं असतं. सभेचं चित्रीकरण किंवा विधिमंडळाच्या कामकाजाचा छापील वृत्तांतच समोर लागतो. मग त्यातला तपासण्याजोगा भाग वेगळा काढायचा. ‘शेतकऱ्यांसाठी खूप केलं’ हे तपासता येत नाही. ‘दहा वर्षांत सिंचन इतकं वाढलं’ हे तपासता येतं.

महाराष्ट्रात या कामाचा उत्तम धडा २०१२ सालानं दिला. दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चूनही सिंचन जेमतेम ०.१ टक्का वाढलं, हे तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांचं विधान गावोगावच्या पारांवर पोचलं. त्या दशकात जलसंपदा खातं सांभाळलेल्या अजित पवार यांनी सप्टेंबरात उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. नोव्हेंबरात खात्याची श्वेतपत्रिका आली. तिच्यात वाढ ५.१७ टक्के.

सरकार एक, दशक एक, आकडे दोन.

०.१ चं मूळ शोधायला निघालेला माणूस राज्याच्या आर्थिक पाहणीपाशी येतो. अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडला जाणारा हा जाडजूड अहवाल. २०११-१२ च्या पाहणीत पिकांखालच्या एकूण क्षेत्रापैकी किती टक्के सिंचित, हे दिलेलं होतं: २०००-०१ मध्ये १७.८, २००९-१० मध्ये १७.९. वजाबाकी बरोबर आहे. घाईतला तपासनीस इथेच ‘खरं’ असा शेरा मारून मोकळा होईल.

पण टक्केवारी दिसली की ती कशाची, हे पाहावंच लागतं. त्या दहा वर्षांत पिकांखालचं एकूण क्षेत्रही सुमारे २१६ लाख हेक्टरांवरून सुमारे २२६ लाखांवर गेलं होतं. पहिल्याचे १७.८ टक्के म्हणजे साडेअडतीस लाख हेक्टर, दुसऱ्याचे १७.९ टक्के म्हणजे साडेचाळीस लाख. म्हणजे भिजणारी जमीन सुमारे दोन लाख हेक्टरांनी वाढली. भाजकही वाढल्यामुळे टक्केवारी मात्र जागची हलली नाही. गणित चुकलेलं नसतानाही ऐकणाऱ्याची समजूत चुकू शकते, ती अशी.

याचा अर्थ खात्याची सुटका झाली, असा मुळीच नाही. सत्तर हजार कोटींना दोन लाखांनी भागलं, तर हेक्टरी पस्तीस लाख रुपये येतात. हा भागाकारही जपूनच वापरायला हवा. एकीकडे सिंचित क्षेत्रात शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून खोदलेल्या विहिरीही धरलेल्या असतात, तेव्हा सगळी वाढ धरणांच्या खात्यावर टाकता येत नाही. दुसरीकडे खर्चात भूसंपादन, पुनर्वसन आणि अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांत अडकलेला पैसा येतो. कालवाच झाला नसेल, तर धरणातलं पाणी शिवारात पोचणार कसं? पण हाच प्रश्न खात्याला विचारायला हवा होता, आणि ०.१ च्या गदारोळात तो मागे पडला.

श्वेतपत्रिकेतल्या आकड्याचीही तीच झडती घ्यावी लागते. सिंचनक्षमता निर्माण झाली म्हणजे जमीन भिजली असं होत नाही. क्षमता प्रकल्पाच्या कागदावर मोजतात, प्रत्यक्ष सिंचन हंगामात. शिवाय मोजणारे हात वेगळे. पाहणीतला आकडा कृषी खात्याच्या मार्गानं, तलाठ्याच्या पीकपाहणीतून वर चढत आलेला. श्वेतपत्रिका जलसंपदा खात्याच्या स्वतःच्या नोंदींवर उभी. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापून वाचकाला ‘कोण खोटं बोललं?’ असं विचारणं हा आळस आहे. कोणता आकडा काय मोजतो, हे आधी लिहायला हवं.

त्यानंतर जे झालं ते अधिक चिंतेचं आहे. पुढच्या आर्थिक पाहण्यांत सिंचनाच्या टक्केवारीच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असं छापून येऊ लागलं. सरकारं बदलली, तरी रकाना भरेना. अशा वेळी नव्या जलसंपदा मंत्र्यानं सिंचनवाढीचा दावा केला, की तपासणाऱ्याला प्रकल्पवार पाणीपाळ्यांच्या नोंदी, माहिती अधिकारातले अर्ज आणि कॅगचे अहवाल असं तुकड्यातुकड्यांनी चित्र जुळवावं लागतं. ते जुळलं नाही, तर ‘पुरावा उपलब्ध नाही’ असं स्पष्ट छापायचं आणि रकाना रिकामा का, याचं उत्तर खात्याकडे लेखी मागायचं.