केळीचा वास आणि बाटलीतले विष

पारोळ्याच्या एस.टी. स्टँडवर आम्ही धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक आजी आणि नातू. नातवाने केळीच्या वासाची पिवळी गोळी तोंडात टाकली आणि विचारले, "आजी, यात केळं आहे का?" आजी म्हणाली, "टाकेल व्हई रे भाऊ!"

आजींचा अंदाज बहुधा चुकला. अशा स्वस्त गोळीत केळे क्वचितच असते. असतो तो 'आयसोअमाईल ॲसिटेट' नावाचा ईस्टर. आपल्या रावेर-यावलच्या पिकल्या केळीच्या वासातही मुख्य वाटा याचाच. केळी तो निसर्गतः बनवते, कारखाना भांड्यात बनवतो, पदार्थ एकच!

ईस्टर म्हणजे काय? अल्कोहोल म्हणजे केवळ दारू नव्हे; ते पदार्थांचे एक मोठे कुटुंब आहे. यातील एखाद्याला सेंद्रिय आम्लात मिसळून, थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून गरम केले, की पाणी सुटते आणि ईस्टर तयार होतो. इथाईल अल्कोहोल आणि व्हिनेगारमधील आम्ल यांच्यापासून नेलपॉलिश विरघळवणारा द्राव बनतो. मिथाईल अल्कोहोल आणि सॅलिसिलिक आम्ल यांच्यापासून बनणारा ईस्टर कंबरदुखीच्या मलमात असतो. भुईमुगाचे तेलसुद्धा ग्लिसरीनचे ईस्टरच. कॉस्टिक सोड्याबरोबर उकळले की साबण होतो.

आता याच कुटुंबातील दोन भाऊ पाहा. इथाईलमध्ये कार्बनचे दोन अणू, मिथाईलमध्ये एक. रंग, वास जवळजवळ सारखाच. परंतु मिथाईल पोटात गेले की यकृतात त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांची नस जाळते, माणूस आंधळा होतो, प्राणही जातो. कारखान्यांसाठीचे हे स्वस्त रसायन गावठी दारूत मिसळले जाते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. बहुतेक हातावर पोट असलेली, आपल्यासारखीच. दिवसभर राबून आलेला बाप सकाळी उठलाच नाही, अशी किती घरे!

वासावरून वा चवीवरून हे विष ओळखता येत नाही. लक्षणेही काही तासांनी दिसतात. पिणाऱ्याला धूसर दिसू लागले, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली, तर 'उतरेल सकाळी' म्हणून झोपवू नका. लाज न धरता ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते खरे सांगा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

आणि इथाईलची 'चांगली' दारू तरी कुठे चांगली? तीही यकृत पोखरते आणि मुलांच्या वह्यांचे पैसे गिळते. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. शील सांगते ते का, हे रसायनशास्त्र दाखवते.

मातांनो, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' हा धडा आहे. आज रात्री तो मुलीला घरात मोठ्याने वाचायला सांगा. बापाच्या कानावर पडू द्या.