खिशात मावणारे वाद्य

सतार वाजवायची तर नीट बैठक मारून बसावे लागते. बाजाची पेटी हलवायची तर दोन्ही हात गुंततात. माउथ ऑर्गन मात्र सदऱ्याच्या खिशात मावतो. नदीकाठी, आगगाडीच्या डब्यात किंवा दिवसाचे काम आटोपल्यावर घराच्या पायरीवर, मनात येईल तेथे तो ओठांना लावावा आणि फुंकर घालावी. वाजवणाऱ्याचा शीण जातो आणि वाटेने जाणाराही घटकाभर थबकतो.

या वाद्याची रचना मोठी कौतुकाची आहे. सुमारे 10 सेंटिमीटर लांबीच्या साध्या माउथ ऑर्गनला ओळीने 10 छिद्रे असतात व आत पितळेच्या 20 पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. पट्टीचे एक टोक पक्के व दुसरे मोकळे असते. हवा लागली की पट्टी थरथरते आणि त्या कंपनातून सूर निघतो. लांब पट्टीचा सूर खालचा, आखूड पट्टीचा वरचा. बाजाच्या पेटीतही अशाच पट्ट्या असतात. तेथे भाता हवा पुरवतो, येथे वाजवणाऱ्याची छातीच भात्याचे काम करते.

प्रत्येक छिद्रापाशी दोन पट्ट्या असतात. एक फुंकर घातली असता वाजते, दुसरी श्वास आत ओढला असता. चौथ्या छिद्रात फुंकले की सा, ओढले की रे. पाचव्यात ग आणि म. सहाव्यात प आणि ध. सातव्या छिद्रात हा क्रम उलटतो : आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा. अशा रीतीने चार छिद्रांत सप्तक पुरे होते. शिवाय फुंकरीचे सूर सा, ग आणि प एवढेच असल्याने, शेजारची तीन छिद्रे एकदम फुंकली तरी ते एकमेकांशी जुळतात. म्हणूनच नवशिक्याची पहिली फुंकरही कानाला गोड लागते.

मोकळ्या टोकाच्या पट्टीचे तत्त्व फार जुने आहे. चीनमधील शंग नावाचे बांबूच्या नळ्यांचे वाद्य याच तत्त्वावर वाजते. युरोपात माउथ ऑर्गन एकोणिसाव्या शतकात घडला. जर्मनीतील ट्रोसिंगन गावी मातियास होनर या घड्याळजीने 1857 मध्ये आपला कारखाना काढला. पहिल्या वर्षी तेथे सुमारे 650 नग तयार झाले. पुढे यंत्रांच्या साह्याने उत्पादन वाढले आणि हे स्वस्त वाद्य समुद्रापार अमेरिकेतील गोरगरिबांच्या हाती पोहोचले.

अशाच एका शेतकऱ्याच्या घरी 1911 मध्ये सनी टेरी जन्मला. वडिलांनी त्याला माउथ ऑर्गन शिकवला. पुढे अपघातांमुळे सोळाव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी गेली. शेतातले काम करणे अशक्य झाले. पोट कसे भरावे हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा हौसेचे ते वाद्यच त्याच्या उपजीविकेचे साधन झाले. आगगाडीची धडधड आणि शिकारी कुत्र्यांचे भुंकणे तो त्यावर हुबेहूब उठवी. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या विख्यात कार्नेगी हॉलमध्ये त्याचे वादन झाले. ज्याला कित्येक जण पोरांचे खेळणे समजत, त्या वाद्याने एका अंध माणसाला स्वतःच्या पायांवर उभे केले.

आपल्या देशातही या वाद्याने रसिकांना लळा लावला आहे. 1964 च्या ‘दोस्ती’ या हिंदी चित्रपटातील माउथ ऑर्गन राहुल देव बर्मन यांनी वाजवला होता. त्यानंतरच्याच वर्षी या वाद्याने पृथ्वीही ओलांडली. 16 डिसेंबर 1965 रोजी जेमिनी यानातून अंतराळवीर वॉली शिर्रा याने लहानशा माउथ ऑर्गनवर नाताळच्या गाण्याची धून वाजवली व त्याचा साथीदार टॉम स्टॅफर्ड याने घुंगरांची साथ दिली. अवकाशात वाजलेली ती पहिली वाद्ये होत. यानात चिमूटभर वजनाचाही हिशेब असतो. तेथेही खिशातल्या या वाद्याला जागा मिळाली.

माउथ ऑर्गन जपावाही लागतो. तोंड स्वच्छ धुऊन तो वाजवावा, वाजवून झाल्यावर तळहातावर हलकेच आपटून आतला ओलावा काढावा, आणि एकाचे वाद्य दुसऱ्याने तोंडाला लावू नये. एवढी काळजी घेतली आणि रोज थोडा सराव ठेवला, तर हे वाद्य वर्षानुवर्षे सोबत करते. श्वास तर प्रत्येकालाच मिळालेला आहे. त्याचे सूर करण्यास थोडी चिकाटी मात्र लागते.