काळी ट्यूब रुमालात

बीदरजवळच्या अष्टूरला आमचे लँडस्केपचे आउटडोअर वर्ग व्हायचे. बहमनी सुलतानांचे घुमट तिथे ओळीने उभे आहेत. हुमायूनशहाच्या घुमटावर वीज पडून अर्धाअधिक भाग ढासळलाय, त्यामुळे ऊन थेट आत शिरतं. ऊनसावली शिकायला याहून चांगली जागा आमच्या मुलखात नाही.

प्रदर्शनात लोक घुमटाचं कौतुक करतात. खरी झटापट असते ती पायथ्याच्या बोटभर माणसांशी. भालकीकडचा एक मुलगा होता, हात फार गोड. त्यानं डोक्यावर भारा घेतलेली बाई काढली. सर मागे येऊन थांबले. म्हणाले, "बाई झकास आहे रे, पण हवेत चालायली बघ." घुमटाची सावली डावीकडे, बाईची उजवीकडे, तीही पायांपासून सुटलेली. पोरानं ओल्या ब्रशनं ती उचलली, टाचेला भिडवून डावीकडे ओढली आणि भाऱ्याची सावली बाईच्या तोंडावर टाकली. तेवढ्यानं बाई जमिनीवर आली.

ऊन कुणासाठी थांबत नाही. म्हणून सर सुरुवातीलाच सावलीच्या टोकाला खडा ठेवायला लावत. पुढे सावली कितीही सरको, रंगवायची खड्यापर्यंतचीच. समोरचा धनगर शेळ्यांमागे निघून गेला, तर पुढचा वाटसरू त्याच उजेडात बसवायचा.

काळ्या रंगाला मात्र बंदी. वर्गाआधी सगळ्यांच्या काळ्या ट्यूबा सरांच्या रुमालात जात. सावलीला तपकिरी बर्न्ट सिएनात निळा अल्ट्रामरीन. बीदरच्या किल्ल्यात तर जांभ्याची तांबडी जमीन, ऊन तिच्यावरून उसळून वर येतं. उभ्या माणसाचं पांढरं धोतर सावलीच्या बाजूनं बघा: खाली नारिंगी झाक, वर आभाळाची निळसर.

सावलीतही उजेड असतो, हे मुलांना पटायचं नाही. मग पिशवीतून एस. एम. पंडितांचं जुनं कॅलेंडर निघायचं. हे १९१६ साली गुलबर्ग्यात जन्मलेले, मुंबईत एमजीएमच्या सिनेमांच्या जाहिरातींची शोकार्डं रंगवणारे चित्रकार. त्यांना 'कॅलेंडरवाले' म्हणून बाजूला सारतात, त्याचा मला राग येतो. अंधारातल्या गालाच्या कडेला त्यांनी ठेवलेली उजेडाची बारीक रेघ सर करंगळीनं दाखवत, आणि चेहरा तिथे वळतो हे पोरांना दिसे. पण छपाईत ब्रशचा फटकारा मरतो. आमच्या भागातल्या प्रत्येक चित्रकलेच्या वर्गाला त्यांच्या मूळ चित्रांसमोर तासभर बसवलं पाहिजे.