सूत्रधारी कंपनी : एका पेढीची वाटचाल

पोलाद ओतणारी एक कंपनी, वीज निर्माण करणारी दुसरी, मोटारगाड्या बांधणारी तिसरी आणि मीठ विकणारी चौथी. प्रत्येकीचे भागधारक निराळे, संचालक मंडळ निराळे आणि हिशेबाच्या वह्याही निराळ्या. तरीही लोक या सर्वांना एकाच घराण्याच्या नावाने ओळखतात. हे ऐक्य येते कोठून? ‘सूत्रधारी कंपनी’ हे या प्रश्नाचे आजचे उत्तर होय. अशी कंपनी स्वतः बहुधा काहीच उत्पादन करीत नाही. इतर कंपन्यांचे भाग धारण करावयाचे आणि त्या बळावर त्यांच्या धोरणाची दोरी हाती ठेवावयाची, हेच तिचे कार्य. आपल्या देशातील तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘टाटा सन्स’.

या पेढीचा आरंभ साधा होता. १८६८ साली जमशेटजी टाटा यांनी एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर मुंबईत स्वतंत्र व्यापार सुरू केला. कापडाच्या गिरण्या मुंबईत काढण्याचा तो काळ. परंतु जमशेटजींनी कापूस पिकतो तेथेच गिरणी काढावी असे ठरवून नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. १९०४ साली ते निवर्तले तेव्हा पोलाद आणि जलविद्युत हे त्यांचे दोन मोठे संकल्प अपुरेच होते. ते सिद्धीस नेण्याचे काम दोराबजी व रतन हे पुत्र आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे आले.

एवढ्या मोठ्या उद्योगांना एका घराण्याची तिजोरी पुरणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक उद्योगासाठी वेगळी कंपनी स्थापून जनतेकडून भागभांडवल उभारण्यात आले. १९०७ साली पोलाद कंपनीसाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा मुंबईत भाग विक्रीस काढले. स्वदेशीच्या त्या दिवसांत सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांच्या आत सारे भाग उचलले. १९१० साली जलविद्युत कंपनी निघाली आणि १९१५ साली सह्याद्रीवर साठविलेल्या पाण्यापासून खोपोलीस वीज निर्माण होऊ लागली. १९१७ साली टाटा सन्सला मर्यादित कंपनीचे रूप आले.

भाग हजारो लोकांचे, मग अधिकार पेढीकडे कसा राहिला? याचे उत्तर ‘मॅनेजिंग एजन्सी’च्या पद्धतीत आहे. नवी कंपनी स्थापतानाच तिचा कारभार पाहण्याचा दीर्घ मुदतीचा करार पेढीशी होई आणि त्याबद्दल पेढीस कमिशन मिळे. भांडवल थोडे घालूनही सत्ता पुरी मिळावी, अशी ही व्यवस्था होती. अनेक ठिकाणी कमिशन नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर किंवा उत्पादनावर ठरे. त्यामुळे भागधारक उपाशी आणि एजंट तृप्त, असा प्रकार घडे.

या सत्तेबरोबर जबाबदारी किती स्वीकारली जाते, यावर सारे अवलंबून असे. १९२४ साली पोलाद कारखान्यात मजुरी भागविण्याचीही भ्रांत पडली, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता, पत्नीच्या मौल्यवान हिऱ्यासह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. या चित्राची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशी खोऱ्यातील मावळ्यांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण अखेरीस झालेच. भागधारकाच्या हाती निदान भागाचा कागद होता. ज्याची जमीन गेली त्याला त्या कारभारात कोणताच आवाज नव्हता.

मालकीच्या बाबतीत मात्र या घराण्याने वेगळी वाट धरली. रतन टाटा १९१८ साली व दोराबजी १९३२ साली वारले. दोघांनाही अपत्य नव्हते आणि दोघांची संपत्ती धर्मादाय न्यासांकडे गेली. त्यामुळे आज टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग न्यासांकडे आहेत. पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या नफ्याचा एक अंश अशा रीतीने संशोधनाकडे व रुग्णसेवेकडे वळला. १९४१ साली मुंबईत सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय हे त्याचेच फळ.

१९३८ साली जे. आर. डी. टाटा अध्यक्ष झाले. १९३९ साली रसायने आणि १९४५ साली टेल्को ही नवी क्षेत्रे उघडली. पुढे १९५३ साली विमानवाहतूक आणि १९५६ साली आयुर्विमा सरकारने आपल्याकडे घेतला. यांपेक्षाही खोल आघात १९७० साली झाला. त्या वर्षी मॅनेजिंग एजन्सीची पद्धतच कायद्याने बंद झाली आणि पेढीला कंपन्यांशी बांधणारा करार संपुष्टात आला. मोठमोठ्या कंपन्यांत टाटा सन्सचे स्वतःचे भाग फारच थोडे होते. तरीही पुढील वीस वर्षे हा समूह टिकला, तो मुख्यतः जे. आर. डीं.च्या व्यक्तिगत वजनावर.

परंतु व्यक्तीचे वजन वारशाने देता येत नाही. १९९१ साली रतन नवल टाटा अध्यक्ष झाले. त्यांनी प्रमुख कंपन्यांतील टाटा सन्सचे भाग वाढविले आणि टाटा हे नाव वापरण्याबद्दल कंपन्यांशी रीतसर करार केले. या बळकटीला मोठा आधार मिळाला तो १९६८ साली टाटा सन्सचाच एक विभाग म्हणून सुरू झालेल्या संगणक सेवेच्या व्यवसायाचा. २००४ साली त्या कंपनीचे भाग बाजारात आले. जी एअर इंडिया १९५३ साली गेली होती, तीही जानेवारी २०२२ मध्ये परत आली.

प्रथम करार, मग व्यक्तीचा शब्द आणि शेवटी भाग व नाव, अशी या सूत्राची रूपे पालटत गेली. मालक न्यास झाला म्हणून सत्तेचा प्रश्न मात्र सुटत नाही. २०१६ साली अध्यक्षांना दूर करण्यावरून उठलेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२१ साली निकाल टाटा सन्सच्या बाजूने लागला. दुसऱ्याच्या पैशावर, श्रमावर आणि भूमीवर उभ्या असलेल्या उद्योगाची दोरी ज्याच्या हाती असते, त्याने त्या सर्वांना जाब देण्यास बांधलेले असावे, हा या इतिहासाचा खरा धडा होय.