सायकलीचा प्रवास

सायकल माणसाला वाहून नेते. परंतु सायकलीलाच दूरगावी न्यावयाची वेळ आली, की भलेभले गोंधळतात. आमच्या विद्यालयातील काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी मडगावहून लोंढा, बेळगाव, मिरज या मार्गाने पुण्यास जातात. त्यांतील एकाची सायकल बांधून देण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले आणि चांगलेच फसलो.

बांधणीचे तत्त्व सोपे आहे. जे बाहेर डोकावते ते आत घ्यावे व जे पोकळ आहे ते भरून काढावे. सर्वांत अधिक डोकावतात ती पायडले, आणि आम्ही फसलो तेही तेथेच. उजवे पायडल नेहमीच्या स्क्रूप्रमाणे डावीकडे फिरविताच निघाले. डावेही तसेच निघेल अशा समजुतीने आम्ही पान्यावर सारा भार टाकला. कर्रकन आवाज झाला व क्रँकमधील आटेच तुटले.

डाव्या पायडलाचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात, हे आम्हां कला शाखेच्या पदवीधरास कोण सांगणार! त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. मुठीत पेन्सिल सैलसर धरून तिचे टोक दुसऱ्या हाताने गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेने वळू लागेल. पाय मारताना पायडलाच्या आसाचेही तेच होते. आट्यांत जो अतिसूक्ष्म सैलपणा असतो, त्यामुळे तो कणाकणाने वळू पाहतो. दोन्ही बाजूंचे आटे सारखेच असते, तर डावे पायडल वाटेत हळूहळू सुटत गेले असते. म्हणून खूण एवढीच ध्यानात ठेवावी : पाना पायडलापासून सरळ वर उभा धरावा आणि मागील चाकाच्या दिशेने ओढावा. दोन्ही पायडले त्याच रीतीने सुटतात.

पुढील चाक काढल्यावर चिमटा उघडा पडतो. त्याच्या दोन टोकांमध्ये नेमका तेवढ्याच लांबीचा लाकडाचा तुकडा घट्ट बसवावा. नाहीतर एखादी जड पेटी अंगावर पडताच चिमटा दबतो आणि चाक पुन्हा बसत नाही. काढलेले चाक मध्ये पुठ्ठा घालून सांगाड्याच्या कुशीस बांधावे. हँडल वळवून सांगाड्याला समांतर करावे, आसन खाली दाबावे. सुटे नट जेथले तेथेच हाताने परत लावावेत. पुडी बांधली, की ती पुडीच हरवते. वरून गोणपाट व सुंभ. सुंभाला आपल्या मुलखात तोटा नाही.

प्रवासी त्याच गाडीने जात असेल, तर तिकीट दाखवून सायकल लगेज म्हणून नोंदविता येते व ती ब्रेकव्हॅनमधून जाते. एरवी पार्सल करावे; मात्र ते कोणत्या गाडीने जाईल याचा नेम नसतो. जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या चिठ्ठीवर नाव, पत्ता व दोन्ही स्थानके ठळक लिहावीत, आणि तशीच दुसरी चिठ्ठी आतील दांडीला बांधावी. पावती मात्र गोणपाटात नव्हे, खिशात! ती दाखवून माल सोडवावा लागतो, आणि मुदतीनंतर स्थानकावर पडून राहिल्यास त्याचे वेगळे शुल्क भरावे लागते.

वडिलांनी पैपैसा साठवून घेतलेली ती सायकल. नवा क्रँक बसेपर्यंत त्यांचा मुलगा पंधरा दिवस महाविद्यालयात पायी गेला. आम्हांस मात्र एका शब्दाने बोलला नाही. जुना क्रँक आम्ही मागवून घेतला आहे. तुटलेले आटे ज्यांना पाहावयाचे असतील, त्यांनी मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत यावे.