बालकांच्या रक्तपरीक्षेचे प्रयोजन

आमच्या काही आश्रयदात्यांनी अशी पृच्छा केली आहे की, जेथे अन्नपाण्याचीच वानवा, तेथे लहान मुलांच्या रक्तपरीक्षेवर समितीने द्रव्य का वेचावे? मूल फिकट दिसले की लोहाचे औषध पाजावे, म्हणजे झाले. पृच्छा रास्त आहे, आणि ज्यांच्या पैशावर हे कार्य चालते त्यांस तिचे उत्तर मिळालेच पाहिजे.

फिकटपणा ही केवळ फिर्याद होय, निकाल नव्हे. रक्तातील तांबडे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकात दर डेसिलिटरमागे 10.5 ग्रॅमहून आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 11 ग्रॅमहून कमी भरल्यास रक्तक्षय मानावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 साली ठरविले आहे. परंतु रक्तक्षयाचे कारण लोहाची उणीवच असेल असे नाही. हिवताप, फॉलिक आम्लाची न्यूनता, अथवा विदर्भ व नंदुरबारकडील आदिवासी मुलांत आढळणारा आनुवंशिक सिकलसेल, ही कारणेही तोच फिकटपणा आणतात.

व्यापारी सद्गृहस्थांस पुढील भेद सहज उमजेल. हिमोग्लोबिन हा दुकानात मांडलेला माल; कोठारातील शिल्लक कळते ती फेरिटिन या द्रव्यावरून. कोठार रिते होत आले तरी दुकान काही काळ भरलेलेच दिसते. दुष्काळात कोरडी भाकरी व कोरा चहा यांवर दिवस काढणाऱ्या मुलाचे असेच होते. भाकरीत लोह असते, पण त्यातील फारच थोडे अंगी लागते. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होत असते, आणि त्या काळी पडलेली तूट पुढे पुरती भरून येईलच, असा भरवसा वैद्यही देत नाहीत. निरोगी बालकात दर लिटरमागे 12 मायक्रोग्रॅमहून कमी फेरिटिन हे लोहाच्या उणिवेचे प्रमाण होय.

मात्र येथेच खरी मेख आहे. अंगात ज्वर वा जंतूंचा उपद्रव असता फेरिटिन आपोआप चढते, आणि रिते कोठार भरलेले भासते. गढूळ पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांत अतिसार व ताप ही नित्याची बाब. तेथे एकट्या फेरिटिनची साक्ष ग्राह्य धरणे धोक्याचे आहे. म्हणून त्याच रक्तात सीआरपी नामक द्रव्य मोजतात. ते वाढलेले आढळल्यास फेरिटिनची मर्यादा 12 ऐवजी 30 धरावी, असा संकेत आहे. दोन साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्या, हा आमच्या कचेरीतील जुनाच नियम!

रक्त कोठून घेतले यासही महत्त्व आहे. बोट टोचून पिळले की थेंबात अंगातील पाणी मिसळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, बोटाच्या रक्तावरून, सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67.1 टक्के मुले रक्तक्षयी ठरली. उलट 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत, शिरेतील रक्तावरून, एक ते चार वर्षांची 41 टक्के ठरली. वयोगट भिन्न असल्याने सर्व अंतर पद्धतीच्याच माथी मारणे योग्य नव्हे. तथापि निर्णायक परीक्षेसाठी शिरेतील रक्तच घ्यावे, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे. त्यास दोन-तीन मिलिलिटर, म्हणजे सुमारे अर्धा चमचा रक्त पुरते.

सरसकट औषध वाटण्यात दुसराही धोका आहे. अतिकृश मुलास उपचाराच्या आरंभीच लोह देत नाहीत; भूक परतून वजन वाढू लागल्यावर देतात. तसेच सिकलसेलमुळे ज्यास वारंवार रक्त द्यावे लागते, त्याच्या अंगी लोह आधीच साचलेले असू शकते.

सबब समितीने असे ठरविले आहे की, केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक बालकाचे हिमोग्लोबिन मोजावे. ते कमी आढळल्यास वा मूल फार दिवस अपुऱ्या आहारावर असल्यास फेरिटिन व सीआरपी पाहावे. आणि सिकलसेलच्या टापूत ती परीक्षाही करावी. प्रयोगशाळा दूर असेल तेथे, मूल अतिकृश वा तापकरी नसल्यास, डॉक्टरांनी औषध सुरू करून महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा मोजावे. ते एक ग्रॅमने चढले तर निदान बहुधा बरोबर. मग कोठार भरण्यास औषध आणखी दोन-तीन महिने चालू ठेवावे. न चढले, तर औषध खरोखर पोटात गेले काय, हे प्रथम पाहून मग अन्य कारण शोधावे. परीक्षेचा निकाल येईतो कोणत्याही मुलाचे अन्न अडविले जाणार नाही.

धान्यासाठी आलेली रक्कम या खाती वळविली जात नाही. ज्यांस केवळ रक्तपरीक्षेसाठी देणगी द्यावयाची असेल, त्यांनी तसे स्पष्ट लिहून ती खजिनदारांकडे पाठवावी; तिची पावती व जमाखर्च स्वतंत्र ठेवला जाईल.