सी, सी++ आणि टर्बो सी (संज्ञाभेद)

सी आणि सी++ या दोन स्वतंत्र प्रोग्रामिंग भाषा आहेत. टर्बो सी ही मात्र भाषा नव्हे. सी भाषेतील प्रोग्राम लिहून ते चालविता यावेत म्हणून बोरलँड या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये विक्रीस आणलेले ते सॉफ्टवेअर होय. टर्बो सी++ त्यानंतर १९९० मध्ये आले.

लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेतील लातूर, नांदेड व धाराशिव या जिल्ह्यांत, राज्यात इतरत्र होते त्याप्रमाणेच, उच्च माध्यमिक स्तरावरील द्विलक्षी संगणकशास्त्रात सी++ शिकविली जाते. भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही भाषा दीर्घकाळ टर्बो सी++च्या निळ्या पडद्यावरच शिकविली गेली. साहजिकच भाषा आणि साधन यांतील भेद पुसट झाला.

भाषेतील प्रोग्रामचे यंत्राला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला कंपायलर म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘संकलक’ हा शब्द योजला जातो. परंतु वाचकाला त्यावरून ग्रंथाचा संकलक आठवतो, म्हणून रूढ शब्दच सोयीचा.

कर्त्यांच्या बाबतीतही घोटाळा होतो. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. ब्रायन कर्निगन हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी भाषेवरील पुस्तकाचे रिची यांच्यासह लेखक. भाषेचे जनक नव्हेत. सी++ चे काम ब्यार्ने स्ट्रूस्ट्रूप यांनी त्याच प्रयोगशाळेत १९७९ मध्ये आरंभिले व १९८३ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ‘विकासक’ हा शब्द भाषेचा निर्माता, कंपायलर बनविणारी कंपनी आणि प्रोग्राम लिहिणारा नोकरदार या तिघांनाही लावला जातो. (वर्तमानपत्रांत तर तो इमारती बांधणाऱ्यासाठीच अधिक येतो.)

या गोंधळाची झळ विद्यार्थ्याला पुढे बसते. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९९८ मध्ये निघाले, म्हणजे टर्बो सी++ नंतर आठ वर्षांनी. त्यामुळे ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ किंवा ‘व्हॉइड मेन’ असे लिहिलेला, टर्बोमध्ये बिनदिक्कत चालणारा प्रोग्राम आजचे बहुतेक कंपायलर नाकारतात. अशा वेळी आपल्याला भाषाच येत नाही, असे विद्यार्थ्यास वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रामचा तर्क बहुधा बरोबर असतो. ‘डॉट एच’ गाळून, ‘व्हॉइड’च्या जागी ‘इंट’ लिहून व ‘यूझिंग नेमस्पेस एसटीडी’ ही ओळ वाढवून तो बहुतांशी चालू लागतो.